तोटीच्या आत

सप्टेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी शेजारचे आजोबा आमच्या मागच्या डेकवर येऊन बसले आणि मी त्यांच्यापुढे माझ्या नव्या बीअरचा ग्लास ठेवला. त्यांनी तो नेहमीप्रमाणे आधी उजेडात धरून पाहिला, नाकाशी नेला, एक घोट घेतला, थोडे थांबून दुसरा घेतला आणि मग ग्लास लाकडी कठड्यावर ठेवून ते आपल्या टोमॅटोंविषयी बोलू लागले. टोमॅटोंनंतर छपरावरच्या शेवाळाचा विषय निघाला, मग त्यांच्या गुडघ्याचा. तासाभराने ते उठले, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘येतो,’ आणि कुंपणातल्या फाटकातून आपल्या घरी गेले. ते गेल्यावर मी आवराआवर करू लागले, तेव्हा कठड्यावरचा ग्लास दिसला. त्यात चार बोटे बीअर तशीच होती आणि तिच्यावर फेसाचा मागमूस नव्हता. पोर्टलंडमधल्या त्या गल्लीत मला बीअर करायला शिकवणारा हा माणूस. १९७८ साली अमेरिकेत घरी बीअर करणे संघीय कायद्याने मोकळे झाले, तेव्हापासून ते स्वतःच्या गॅरेजमध्ये बीअर करत आले आहेत. आवडलेल्या बीअरचा ग्लास ते शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करतात आणि आवडली नाही, तर का नाही ते स्पष्ट सांगतात. त्या दिवशी ते काहीच बोलले नव्हते.

तो ग्लास मी ओतून टाकला नाही. मुलगी झोपल्यावर मी डेकवरच्या दिव्याखाली बसून त्यातला एक घोट घेतला. पहिल्या क्षणी संत्र्याच्या सालीसारखा हॉप्सचा, म्हणजे बीअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा, ओळखीचा वास आला, पण त्याच्या मागोमाग जिभेच्या कडांना एक आंबटपणा जाणवला. लिंबाचा नव्हे, दोन दिवस बाहेर राहिलेल्या ताकाचा. घोट गिळल्यानंतर घशात एक कोरडेपणा राहिला, जणू बीअरमधली सगळी गोडी कोणीतरी आधीच खाऊन टाकली होती. ही बीअर मी सहा आठवड्यांपूर्वी बाटल्यांत भरली होती. तिसऱ्या आठवड्यात चाखली तेव्हा ती चांगली होती, इतकी चांगली की मी दोन बाटल्या ऑफिसातल्या मैत्रिणीला दिल्या होत्या. मैत्रिणीनेही नंतर काही म्हटले नव्हते, हे मला त्या रात्री आठवले आणि कानशिले गरम झाली.

बिघडलेल्या बीअरपेक्षा ती बिघडली आहे हे मला कोणी सांगितले नाही, हेच मनाला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये आणि बर्फाच्या पेटीत गार करायला ठेवल्या. बंद बाटलीत किण्वन पुन्हा सुरू झाले असेल तर आतला वायू साठत जातो आणि काच फुटू शकते. गार केल्याने तो दाब उतरतो. दुपारी जाड टॉवेलात एकेक बाटली गुंडाळून मी सिंकवर उघडली. पहिलीचे झाकण सैल होताच पांढरा फेस नळासारखा वर आला आणि अर्धी बाटली सिंकमध्ये गेली. दुसरीचे तेच, तिसरीचेही तेच. उजेडात धरल्यावर प्रत्येक बाटलीच्या मानेत, जिथे बीअरची पातळी संपते तिथे, एक बारीक पांढुरके कडे दिसत होते, दुधाचे भांडे रिकामे केल्यावर काठाशी साय चिकटून राहते तसे. असे कडे ही बहुधा बाहेरचा जीव आत शिरल्याची खूण असते. मी एका बाटलीतली बीअर ढवळून तिच्यातला वायू काढला आणि तिच्यात घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडला; साखर कमी झाली की घनता उतरते. भरताना घनता १.०१२ होती, आता ती १.००५ होती. मी घातलेल्या यीस्टने जी साखर पचत नाही म्हणून मागे ठेवली होती, ती दुसऱ्या कोणीतरी खाल्ली होती.

इथून पुढे विचार करणे सोपे होते, आणि त्या सोपेपणाने मला धीर दिला. एखाददुसरी बाटली बिघडली असती, तर ती बाटली नीट धुतली गेली नव्हती असे म्हणता आले असते. इथे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बाटल्या बिघडल्या होत्या. म्हणजे दोष बाटल्यांच्या आधी कुठेतरी होता. बाटल्या भरण्याच्या दिवशी फर्मेंटरमधून, म्हणजे बीअर आंबवायच्या भांड्यातून, पेलाभर बीअर काढून मी चाखली होती आणि ती स्वच्छ होती. म्हणजे दोष फर्मेंटरच्या नंतर होता. या दोघांच्या मध्ये फक्त तीन वस्तू उरत होत्या. सायफनची नळी, बाटल्या भरायची प्लॅस्टिकची बादली आणि त्या बादलीच्या तळाशी बसवलेली तोटी. नळी त्याच दिवशी नवी लावलेली होती. बादली मी आतून हात फिरवून पाहिली. कुठे चरा नव्हता, चिकटपणा नव्हता. मग तोटी काढली.

ही तोटी म्हणजे दोन रुपयांची वाटावी अशी साधी वस्तू. प्लॅस्टिकचा एक बाहेरचा भाग आणि त्याच्या आत घट्ट बसलेला, फिरणारा दुसरा भाग, ज्याला भोक आहे. दांडी फिरवली की भोक तोंडासमोर येते आणि बीअर वाहू लागते. मी तिला दरवेळी धूत असे. तिच्यातून गरम पाणी वाहू देत असे, सॅनिटायझर वाहू देत असे, बाहेरून ब्रशने घासत असे. ती दोन भागांची आहे आणि ते भाग वेगळे करता येतात, हे मला चार वर्षांत एकदाही सुचले नव्हते. त्या दुपारी मी ती उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवली, लाकडी डावाचा दांडा मागच्या बाजूने आत घातला आणि जोर लावला. टक् असा आवाज होऊन आतला भाग बाहेर आला. त्याच्या अंगावर सगळीकडून एक तपकिरी, बुळबुळीत थर होता, चहाची गाळणी नीट न घासता महिनाभर वापरल्यावर तिच्या कडेखाली साचतो तसा. वास ओल्या पोत्याचा होता आणि त्यात तेच जुने ताक होते. नखाने खरवडला तर तो पापुद्र्यासारखा निघून आला.

मी बराच वेळ तो तुकडा तळहातावर घेऊन उभी होते.

बीअर करणारी माणसे एकमेकांना पहिली गोष्ट सांगतात ती ही, की धुणे वेगळे आणि निर्जंतुक करणे वेगळे. धुणे म्हणजे डोळ्यांना दिसणारा आणि बोटांना लागणारा मळ काढणे. त्यासाठी मी सोडियम परकार्बोनेट वापरते. गरम पाण्यात त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटे होतात आणि वाळलेला फेस, हॉप्सची राळ, यीस्टचा साका भांड्यापासून सुटून वर येतो. प्लॅस्टिक असेल तर रात्रभर भिजत ठेवायचे आणि मऊ स्पंजानेच पुसायचे, कारण घासणीच्या एका चऱ्यात लाखो जीवांना घर मिळते. निर्जंतुक करणे ही त्यानंतरची पायरी. माझ्याकडे त्यासाठी स्टार सॅन आहे. फॉस्फोरिक आम्ल आणि फेस करणारे दुसरे एक आम्ल असे त्यात असते. १९ लिटर पाण्याला सुमारे ३० मिलिलिटर घालायचे, भांडे त्यात एक-दोन मिनिटे ओले ठेवायचे आणि नंतर पाण्याने न विसळता तसेच वापरायचे. बुल रनच्या डोंगरातून येणारे आमचे पाणी इतके मृदू आहे की ते द्रावण आठवडाभर गढूळ होत नाही. पण हे द्रावण उघड्या पृष्ठभागावरच काम करते. मळाच्या थराखाली जे बसले आहे, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही. जो मळ निघालाच नाही, त्याच्यावर मी चार वर्षे अतिशय काळजीपूर्वक, मापून, घड्याळ लावून औषध शिंपडत होते.

आणि हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ही गोष्ट मला बीअरच्या कितीतरी आधी, आजीच्या लोणच्यातून ठाऊक होती.

राजापूरच्या आमच्या घरी मे महिन्यात कैरीचे लोणचे घातले जाई. मी बीअरच्या बाबतीतही ‘घातली’ असेच म्हणते. ‘गाळली’ हे दारूचे क्रियापद आहे आणि बीअर गाळत नाहीत, ती लोणच्यासारखी घालतात आणि वाट पाहतात. आजीच्या चिनी मातीच्या तीन बरण्या होत्या, वरून तपकिरी आणि खाली पांढऱ्या. लोणच्याच्या चार दिवस आधी त्या माळ्यावरून उतरत. पहिल्या दिवशी त्यांना नारळाच्या शेंडीने आणि राखेने आतून घासायचे आणि उकळत्या पाण्याने तीन वेळा विसळायचे. मग पुढचे दोन दिवस त्यांना अंगणात, खळ्याच्या कडेला उपडे न ठेवता आडवे ठेवायचे, म्हणजे ऊन आत शिरेल. आणि उन्हाबरोबर त्या फिरवायच्या. चौथ्या दिवशी सकाळी पितळेच्या पळीत निखारा घेऊन त्यावर हिंगाचा खडा टाकायचा आणि धूर उठला की बरणी त्यावर उपडी धरायची. तो धूर बरणीत असा कोंडत असे की नंतर तासाभराने तोंड आत घातले तरी डोळ्यांना पाणी येई. घासणे, ऊन आणि धुरी. आजी शाळेत दुसरीपर्यंत गेली होती, पण या तीन गोष्टी तीन आहेत आणि एकीचे काम दुसरी करत नाही, हे तिला पक्के माहीत होते. नॉर्वेच्या खेड्यांत घरची बीअर करणारे लोक जुनिपरच्या फांद्या पाण्यात उकळून त्या पाण्याने आपली लाकडी भांडी धूत असत, असे मी पुढे वाचले, तेव्हा मला त्या माणसांचा चेहरा दिसला नाही, आजीचा हात दिसला.

लोणचे भरून वर तेल सोडले, बरणीला स्वच्छ दादरा बांधला की ती माजघरातल्या फडताळात जाई आणि मग आजीचे पहारे सुरू होत. “चमचा पुसलास का गो?” “ओला हात नको लावूस.” हे दोन प्रश्न आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकले होते की आजही लोणच्याच्या बरणीत हात जाण्याआधी माझा हात पदर नसताना पदराकडे जातो. या दोन प्रश्नांच्या जोडीला एक तिसरा नियम होता आणि तो प्रश्न विचारून पाळला जात नसे. बाजूला बसलेल्या बाईने फडताळाला हात लावायचा नाही, नाहीतर लोणचे नासते.

१९८८ च्या पावसाळ्यात मी तेरा वर्षांची होते. जूनमध्ये मी पहिल्यांदा बाजूला बसले होते आणि श्रावणात मधल्या बरणीचा दादरा सोडला तर आत तेलावर पांढरी भुरी आलेली होती. मला अजून तो वास आठवतो. कैरी, मोहरी आणि त्यांच्याखाली भिजलेल्या वहीसारखे काहीतरी. आजीने बरणी अंगणात नेऊन उकिरड्यावर उपडी केली. पन्नास कैऱ्यांचे लोणचे होते ते. मग ती माजघरात आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “कोणी शिवलं असेल.” मी शिवले नव्हते. फडताळ ज्या भिंतीत होते त्या भिंतीलाही मी शिवले नव्हते, कारण मला भीती वाटत होती. पण त्या घरात शिवणारी दुसरी कोण असणार, हे सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवले आणि कोणीही ते उघड बोलले नाही. त्या वर्षी जेवताना पानात लोणचे वाढले जाई तेव्हा वाढणारीचा हात माझ्या पानाशी क्षणभर अडखळतो आहे, असे मला वाटत राही. ते खरे होते की माझ्या मनाचे खेळ, ते आता ठरवता येणार नाही. पण मी त्या वर्षी लोणचे खाणे सोडले आणि पुढे बरीच वर्षे खाल्ले नाही.

आजीवर माझे फार प्रेम होते. तिच्या हातची स्वच्छता हे माझ्यापाशी असलेले सगळ्यात मोठे धन आहे, असे मी मनापासून मानते. आणि त्याच हाताने ती दुसरी गोष्टही माझ्या अंगावर ठेवली. या दोन गोष्टी एकाच बरणीतून आल्या, त्यामुळे मला त्या फार दिवस वेगळ्या करता आल्या नाहीत. कोरडा चमचा हे ज्ञान होते. विटाळ हा आळ होता. पण सांगणारा आवाज एकच असला की ऐकणाऱ्या मुलीला दोन्ही सारखेच खरे वाटतात.

बीअरच्या इतिहासातही ही सरमिसळ मला जागोजाग दिसते. युरोपात बीअर आंबली की ढगांच्या गडगडाटाला दोष देत. बव्हेरियात १५५३ साली तिथल्या ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर करण्यावर बंदीच घातली, कारण उन्हाळ्यातली बीअर हटकून बिघडत असे. गडगडाटाची समजूत खोटी होती आणि उन्हाळ्याचा अनुभव खरा होता, पण का खरा होता हे दोन्हीकडे कोणाला सांगता येत नव्हते. १८७१ साली लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात गेले, तिथल्या पोर्टर बीअरचे यीस्ट त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यात यीस्टखेरीज दुसरेच बारीक धागे दिसतात हे कारखान्याच्या माणसांना दाखवले. त्यानंतर त्या कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पुढे १८८३ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी बिघडलेल्या बीअरच्या यीस्टमधून एकेक पेशी वेगळी करून वाढवली आणि चांगल्या यीस्टमध्ये रानटी यीस्ट मिसळले आहे, हे सिद्ध केले. शुद्ध केलेले ते यीस्ट कारखान्याच्या मालकाने स्वतःपुरते न ठेवता इतरांनाही देऊन टाकले. मला या कथेतला शोधाइतकाच तो पाश्चरांचा कारखान्यातला प्रसंग आवडतो. कोणावर आळ नाही, कोणाला दटावणी नाही. भिंगाखाली बघा, हे असे आहे, एवढेच.

आपल्या भाषेने तर हा सगळा गोंधळ फार आधीच ओळखलेला आहे. इडलीचे पीठ आंबले की घरातली बाई समाधानाने झाकण ठेवते. भाजी आंबली की तीच बाई हळहळते. क्रियापद एकच. दूध विरजले तर दही आणि नासले तर नासले. विरजण लावणारा जीव आणि दूध नासवणारा जीव हे पुष्कळदा एकाच कुळातले असतात. माझ्या बाटल्यांत बहुधा शिरलेला लॅक्टोबॅसिलस हा जीवाणू आजीच्या सटातल्या दह्याचा सख्खा भाऊबंद आहे. ब्रसेल्समध्ये काँतियों नावाची एक जुनी, १९०० सालची ब्रुअरी आहे. तिथे उकळलेला माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, काढा रात्रभर उघड्या, उथळ हौदात ठेवतात, म्हणजे हवेतले जीव त्यात आपणहून उतरावेत. तिथल्या पिंपांवरची कोळिष्टकेसुद्धा काढत नाहीत, कारण कोळी फळांवरच्या माश्या खातात. मात्र तीच पिंपे पुन्हा भरण्याआधी आतून घासून, गरम पाण्याने धुऊन काढतात. आंबटपणा त्यांना हवा असतो, पण तो त्यांनी बोलावलेला असतो. माझ्या बीअरमध्ये तो न बोलावता, चार वर्षांच्या मळातून आला होता.

तोटी उघडली त्या संध्याकाळी मी राजापूरला काकूंना फोन केला. तिथे पहाट झाली होती आणि काकू चहा पीत होत्या. काकू आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्या काळच्या माणसांपैकी त्या घरात त्याच उरल्या आहेत. मी बीअरचे नाव काढले नाही; इकडे एक लोणचे बिघडले एवढेच म्हटले आणि सहज विचारावे तसे विचारले, की त्या वर्षी मधली बरणी नासली होती, ती कशाने? काकूंनी आठवायला अजिबात वेळ घेतला नाही. म्हणाल्या, “अगं, त्या वर्षी बरण्यांना ऊन कुठे मिळालं होतं? घासून ठेवल्या आणि वळीव कोसळला. चार दिवस आभाळ. शेवटी सासूबाईंनी फडक्याने पुसून तशाच भरल्या. मधलीच्या मानेखाली हात पोचत नाही, तिथे ओल राहिली असणार.” मी विचारले, हे तेव्हा माहीत होते? “न माहीत असायला काय झालं? मीच तर पुसत होते,” काकू म्हणाल्या आणि मग त्यांनी विचारले की आंब्याचा रस पोचला का, आणि तिकडे थंडी सुरू झाली का.

म्हणजे घरातल्या दोन बायकांना कारण माहीत होते. एकीने ते मनातच ठेवले आणि दुसरीने त्याच्या जागी माझे नाव ठेवू दिले. मला राग आला. पण तो राग काकूंच्या त्या पहाटेच्या, चहाच्या वाफेतल्या साध्या आवाजावर काढता येईना. सासूपुढे बरणीच्या मानेचा विषय काढणे त्यांच्याने तेव्हा झाले नसेल. आजीलाही, उन्हाशिवाय बरणी भरली ही आपली चूक, असे मोठ्याने म्हणणे जड गेले असेल. चाळीस वर्षांची तिची ख्याती त्या लोणच्यावर उभी होती. हे सगळे मला आज समजते. तेरा वर्षांच्या मुलीला ते समजायला हवे होते, असे मात्र मला वाटत नाही, आणि तिच्या वतीने क्षमा करण्याची मला घाई नाही.

दुसऱ्या दिवशी तोटीचे दोन्ही भाग कागदावर ठेवून मी शेजारी गेले. आजोबांनी चष्मा लावला, आतला भाग खिडकीशी नेऊन पाहिला आणि मान हलवली. मी त्यांना विचारले, तुम्हाला पहिल्याच घोटाला कळले होते ना? ते म्हणाले, हो. मग सांगितले का नाही? त्यावर ते थोडे ओशाळले. मला वाटले तुला ठाऊक असेल, ते म्हणाले, आणि तुझी मुलगी समोर बसली होती. त्यांच्या मनात आदबच होती, यात शंका नाही. तरीही मी त्यांना म्हटले की यापुढे कोणीही समोर बसलेले असू दे, मला सांगत जा. मग ते उठले, गॅरेजमध्ये गेले आणि आपल्या बादलीची तोटी काढून घेऊन आले. आम्ही दोघांनी ती त्यांच्या स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात ठेवली. त्यांची आतून चकचकीत निघाली. दर खेपेला उघडतो, ते म्हणाले, आणि तुला शिकवताना हे सांगायचे राहून गेले, कारण ते न सांगता कळण्यासारखे आहे असे मी धरून चाललो.

राहिलेली बीअर मी घराच्या मागे, हायड्रेंजियाच्या झुडपांपलीकडे ओतून दिली. एकोणीस लिटर वर्ट, म्हणजे माल्टचा काढा, तासभर उकळताना घरभर पसरलेला पावाच्या भट्टीसारखा वास, तांब्याच्या वेटोळ्यातून पाणी सोडून ते झपाट्याने गार करण्याची धांदल, दोन आठवडे जिन्याखालच्या कपाटातून येणारी, आतला वायू बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकची बुडबुड, हे सगळे त्या मातीत गेले. मग बाटल्या. एकेक बाटली रात्रभर परकार्बोनेटमध्ये ठेवून, बाटलीच्या ब्रशने घासून, मानेतले ते कडे निघाले की नाही हे दिव्यावर धरून पाहून मी रॅकवर उलटी लावली. ब्लीचकडे मी वळले नाही. अगदी सुरुवातीला एकदा ब्लीचने बाटल्या धुतल्या होत्या आणि विसळण्यात कमी पडले होते. क्लोरीन माल्टमधल्या द्रव्यांना लागली की जी संयुगे होतात, त्यांची चव दवाखान्यातल्या पट्टीसारखी असते आणि ती अगदी लेशमात्र असली तरी जिभेला कळते. शिवाय ब्लीच आणि आम्लाचा सॅनिटायझर चुकून एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. ते दोन डबे एका कपाटात राहू नयेत असे मला वाटते.

तोटी मी फेकून दिली. ती धुऊन पुन्हा वापरता आली असती, पण मन होईना. नवी आणली, तीही आणल्याबरोबर दोन भागांत उघडून पाहिली. आता बाटल्या भरण्याच्या दिवशी सकाळी मी सगळी उपकरणे सुटी करते आणि टेबलावर पांढऱ्या टॉवेलावर मांडते: तोटीचे दोन भाग, तिची रबरी चकती, सायफनच्या पंपाचे चार तुकडे, बाटली भरायच्या कांडीच्या टोकाची स्प्रिंग. जिथे दोन वस्तू एकमेकींत बसतात, तिथे बोट फिरवते. बोटाला काही लागले नाही, तरच ती वस्तू फेसाच्या बादलीत जाते. बाटल्या, नळ्या, झाकणे आणि आमचे हात, सगळेच त्या फेसातून जाते. इकडे फेसाला घाबरू नका असे एक वाक्य बीअर करणाऱ्यांच्या तोंडी असते. मला तो फेस बीअरमध्ये जाऊ देणे फार दिवस जमले नाही. भांडे विसळायचे नाही, पुसायचे नाही, ओले तसेच वापरायचे, हे माझ्या हाडात बसलेल्या सगळ्याच्या उलट होते.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी नवी बीअर भरायची होती. बाहेर पोर्टलंडचा तो न थांबणारा, न कोसळणारा पाऊस चालू होता. मुलगी मदतीला आली. ती तेरा वर्षांची आहे. तिला बीअरमध्ये रस नाही, पण झाकण ठोकायच्या यंत्राचा दांडा खाली ओढला की होणारा आवाज तिला फार आवडतो. सकाळपासून तिचे पोट दुखत होते आणि ती कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून खुर्चीवर बसली होती. मी तिला म्हटले, तू झोप, मी भरते. ती म्हणाली, नाही, मला करायचे आहे. मी तोटी बादलीला बसवली, दांडी फिरवली आणि पहिली बाटली भरून तिच्याकडे दिली. तिने ती धरली आणि झाकण उचलायला हात पुढे केला. मग थांबून तिने मनगटापासून बोटांपर्यंत फेस निथळत असलेला तो हात माझ्यापुढे धरला.

“आई, हात ओला आहे माझा. चालेल?”

“ओलाच हवा,” मी म्हटले, आणि दुसरी बाटली तोटीखाली धरली.